विज्ञानातील पीएच.डी.चा निर्णय : मुंबई परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

सारांश

विज्ञान शाखेत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यानंतर पीएच.डी. करावी किंवा न करावी, हा निर्णय सामान्यतः व्यक्तिगत महत्त्वाकांक्षेचा विषय समजला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात हा निर्णय इतिहासाच्या दृष्टिकोनातून तपासला आहे. इ. स. १९३० नंतरच्या काळात मुंबई, पुणे आणि बंगळूर येथील संस्थांशी संबंधित असलेल्या काही वैज्ञानिकांनी हा निर्णय कोणत्या परिस्थितीत घेतला, पदवीने त्यांना काय दिले आणि पदवीवाचून काय अडले, याचा आढावा घेऊन मीरा-भाईंदरसारख्या उपनगरी शहरातील महाविद्यालयीन अध्यापकासमोर आज उभ्या असलेल्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : पीएच.डी., विज्ञान संशोधन, मुंबई विद्यापीठ, विद्यापीठ अनुदान आयोग, एम.फिल., मीरा-भाईंदर.

१. प्रस्तावना

पीएच.डी. ही पदवी आज उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात इतकी रूढ झाली आहे की, ती फार जुनी असावी असा समज होतो. वास्तविक संशोधनावर आधारित असलेली ही पदवी आधुनिक आहे. १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या प्रभावाने जर्मन विद्यापीठांत अध्यापन आणि संशोधन यांची सांगड घातली गेली व तेथून या पदवीला आजचे रूप मिळाले. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये ती प्रथम दिली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डने १९१७ मध्ये आणि त्यानंतर लवकरच केंब्रिजने तिचा स्वीकार केला. म्हणजेच, १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्यासमोर असलेल्या नमुन्यात ही पदवी नव्हती. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्या विद्यापीठाचे आरंभीचे कार्य होते. विज्ञानातील संशोधनासाठी आवश्यक असलेल्या प्रयोगशाळा मुंबईत नंतर उभ्या राहिल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० मध्ये, विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये सुरू झाली.

या संस्थांच्या इतिहासाकडे त्यांत प्रवेश करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिल्यास प्रत्येक पिढीला एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पडलेला दिसतो. आपण पीएच.डी. कशासाठी करावी, आणि न केल्यास आपले काय अडेल? या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) विज्ञानातील पीएच.डी.चा निर्णय कोणत्या घटकांवर अवलंबून होता हे निवडक उदाहरणांवरून पाहणे. (२) पदवीचे स्वरूप संशोधनाच्या प्रशिक्षणाकडून सेवेच्या पात्रतेकडे कसे सरकत गेले याचा मागोवा घेणे. (३) मीरा-भाईंदरमधील महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ लावणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित चरित्रात्मक माहिती आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची विनियमने यांचा आधार घेतला आहे. उदाहरणे निवडताना यशस्वी पीएच.डी.धारकांबरोबरच पदवी न घेतलेल्या आणि पदवी नाकारल्या गेलेल्या व्यक्तींचाही जाणीवपूर्वक समावेश केला आहे. कारण केवळ यशस्वी उदाहरणांवरून निर्णयाची चिकित्सा होऊ शकत नाही.

३. प्रवेशाचा प्रश्न : कमला भागवत (सोहोनी)

कमला भागवत (१९११-१९९८) यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले होते. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या वडील भगिनी होत. अशा घरातील मुलीने संशोधनाचा विचार करणे स्वाभाविक होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन त्यांनी उत्तम प्रकारे मिळविली आणि बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. त्या वेळी संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन हे होते. अर्जदार स्त्री आहे या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाईंनी हा नकार मान्य केला नाही. त्यांनी रामन यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहाचा मार्ग स्वीकारला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंत, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेच्या वातावरणात बाधा येता कामा नये, अशीही अट होती. मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, कडधान्ये व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळविली. त्यांच्या कामामुळे संचालकांचे मत पालटले आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत काम करताना बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे श्वसनक्रियेशी संबंधित द्रव्य असते, हे त्यांनी दाखवून दिले. सुमारे चौदा महिन्यांच्या कामावर आधारित आणि अवघ्या चाळीसेक पृष्ठांच्या प्रबंधास १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

येथे दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, कमलाबाईंना अडविणाऱ्या रामन यांच्याकडे स्वतः परीक्षेने मिळविलेली डॉक्टरेट नव्हती. १९०७ मध्ये एम.ए. होऊन ते सरकारच्या वित्त विभागात नोकरीस लागले आणि कलकत्त्यात नोकरी सांभाळून त्यांनी संशोधन केले. १९१७ मध्ये ते प्राध्यापक झाले व १९३० मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. रामन यांना संशोधन करण्यासाठी पदवीची गरज भासली नाही, कारण प्रयोगशाळेचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. कमलाबाईंना मात्र दाराशीच झगडावे लागले. ज्याला संस्था सहज सामावून घेते त्याला पदवीवाचून चालते; ज्याला ती सामावून घेत नाही त्याला पदवी हाच आपल्या योग्यतेचा पुरावा म्हणून सादर करावा लागतो.

दुसरी बाब अशी की, पदवी मिळाल्याने पुढील सर्व दारे आपोआप उघडली नाहीत. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यानंतर १९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना बऱ्याच विलंबाने मिळाले. या काळातच त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये, भाताचे पीठ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा उपयोग होऊ शकतो, हे त्यातून पुढे आले आणि या कार्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. उत्तन ते वसई या किनारपट्टीवर ताडाची झाडे पाहत वाढलेल्या विद्यार्थ्याला या संशोधनाचा विषय परका वाटण्याचे कारण नाही. केंब्रिजची पदवी घेतलेल्या संशोधिकेने आपला पुढील प्रश्न आपल्याच भूमीतील सामान्य माणसाच्या आहारातून निवडला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

४. पदवीवाचून विज्ञान : नारळीकर, कोसंबी, काकोडकर

विष्णु वासुदेव नारळीकर (जन्म १९०८, कोल्हापूर) यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून बी.एस्सी. केले आणि ते केंब्रिजला गेले. तेथील परीक्षेत उज्ज्वल यश, आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि रॅले पारितोषिक मिळवूनही पीएच.डी. न घेता १९३२ मध्ये ते परतले; कारण पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागप्रमुख म्हणून पाचारण केले होते. तेथे त्यांनी सापेक्षता सिद्धान्ताच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली. १९४२ मध्ये त्यांच्याकडे काम करण्यासाठी आलेले पी. सी. वैद्य यांनी उत्सर्जक ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राविषयी केलेले व पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेलेले संशोधन १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्य यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली ती १९४९ मध्ये. म्हणजे शोध आधी लागला आणि पदवी नंतर आली.

गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली व पुढे डॉक्टरेटच्या मागे न लागता ते भारतात परतले. १९३३ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले. संख्याशास्त्र व आनुवंशिकी या क्षेत्रांत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी सूत्रे १९४३ व १९४४ या वर्षांतील, म्हणजे महाविद्यालयीन अध्यापकाच्या काळातील आहेत. १९४५ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले.

अणुऊर्जा क्षेत्रातील उदाहरण यापेक्षा वेगळे आहे. १९५७ मध्ये तुर्भे येथे सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेने विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांना थेट संशोधनात आणण्याचा मार्ग निर्माण केला. मुंबईच्या व्हीजेटीआय संस्थेतून १९६३ मध्ये अभियंता झालेले अनिल काकोडकर याच मार्गाने १९६४ मध्ये अणुऊर्जा आस्थापनेत दाखल झाले. १९६९ मध्ये त्यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली. अर्जित पीएच.डी. नसतानाही ते पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक व अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

ही उदाहरणे अपवादात्मक बुद्धिमत्तेची असल्याने ती सर्वांना लागू होत नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल व तो काही अंशी योग्य आहे. तथापि या तिघांमध्ये बुद्धिमत्तेखेरीज आणखी एक समान सूत्र आहे. प्रत्येकाला संशोधनासाठी वेळ, सहकारी आणि नियमित वेतन देणारी जागा मिळाली. पीएच.डी.ची पाच वर्षे सामान्य संशोधकाला जे उपलब्ध करून देतात, ते या व्यक्तींना अन्य मार्गाने प्राप्त झाले होते.

५. नाकारलेली पदवी : अॅना मणी

रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० ते १९४५ या काळात अॅना मणी यांनी हिऱ्यांच्या वर्णपटांवर काम केले, शोधलेख प्रसिद्ध केले आणि पीएच.डी.साठी प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने मात्र त्यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही या कारणास्तव तो स्वीकारला नाही. १९४८ पासून पुण्याच्या हवामान विभागात त्यांनी उपकरणनिर्मितीचे काम हाती घेतले. हवामानशास्त्रीय उपकरणे देशातच तयार व्हावीत, सौरऊर्जा व वाऱ्याची मोजणी पद्धतशीर व्हावी, यासाठी त्यांनी केलेले कार्य मूलभूत स्वरूपाचे आहे. १९७६ मध्ये त्या हवामान विभागाच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

मणी यांचे काम थांबले नाही, म्हणून विद्यापीठाचा निर्णय निरुपद्रवी होता असे म्हणता येत नाही. त्यांना सरकारी विभागात जागा मिळाली नसती तर एका तांत्रिक अटीमुळे एक समर्थ संशोधिका विज्ञानाला मुकली असती. नियम आणि संशोधन यांतील हा विसंवाद आजच्या अध्यापकालाही परिचित आहे.

६. प्रश्न आणि मार्गदर्शक : दोन पीएच.डी.

विष्णु नारळीकरांचे पुत्र जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये पीएच.डी. घेतली. पित्याने जी पदवी न घेता विभागप्रमुखपद स्वीकारले, तीच पदवी एका पिढीनंतर खगोलभौतिकीतील संशोधनाचे प्रवेशद्वार झाली होती. १९७२ मध्ये ते मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले व १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' या संस्थेची उभारणी करून त्यांनी विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांना तेथील सुविधा वापरता येतील अशी व्यवस्था निर्माण केली. महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने त्यांच्या पीएच.डी.इतकेच हे कार्य मोलाचे आहे.

दुसरे उदाहरण रघुनाथ माशेलकर यांचे. गोव्यातील माशेल येथे १९४३ मध्ये जन्मलेल्या व मुंबईत अत्यंत हलाखीत शिकलेल्या माशेलकरांनी १९६६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. केंब्रिजहून नुकतेच परतलेले तरुण प्राध्यापक एम. एम. शर्मा यांच्याकडे माटुंग्यातच त्यांनी संशोधन केले व १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. योग्य मार्गदर्शक आणि सुसज्ज विभाग असल्यास मुंबईत राहूनही उत्तम दर्जाचे संशोधन होऊ शकते, याचा हा पुरावा होय. दोन्ही उदाहरणांत मार्गदर्शकाची निवड हाच निर्णयाचा गाभा होता.

७. पदवीपासून पात्रतेपर्यंत

१९९० नंतरच्या काळात पीएच.डी.च्या निर्णयात आणखी एक घटक ठळकपणे आला, तो म्हणजे सेवाशर्ती. १९ सप्टेंबर १९९१ च्या विनियमनाने अध्यापकपदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा आवश्यक ठरली. त्यानंतर २००० पर्यंत महाराष्ट्रात नियुक्त झालेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांचा प्रश्न दीर्घकाळ प्रलंबित राहिला आणि २०१३ मध्ये त्यावरून झालेले आंदोलन वाचकांच्या स्मरणात असेल. २००६ मध्ये एम.फिल.धारकांना पदवी स्तरावरील अध्यापनासाठी नेटमधून सूट मिळाली. २००९ मध्ये ती काढून घेण्यात आली व नव्या नियमांनुसार मिळविलेल्या पीएच.डी.पुरतीच सूट उरली. २०१८ च्या विनियमनात विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य करण्याचे ठरले, ती मुदत २०२३ पर्यंत लांबली आणि जुलै २०२३ मध्ये ही अनिवार्यता मागे घेण्यात आली. सहयोगी प्राध्यापकपदाच्या पदोन्नतीसाठी मात्र पीएच.डी.ची अट त्याच विनियमनात आहे. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमनाने एम.फिल. हा अभ्यासक्रमच बंद झाला. पूर्वी मिळालेल्या पदव्या वैध राहिल्या, तरी एम.एस्सी. आणि पीएच.डी. यांच्यामधील पायरी नाहीशी झाली.

प्रस्तुत लेखक स्वतः एम.फिल. पदवीधारक असल्याने या बदलाचा अर्थ थोडक्यात नोंदविणे योग्य होईल. एम.फिल.मध्ये दीड-दोन वर्षांत एक लहान प्रबंध लिहून आपल्याला संशोधनाची आवड व कुवत आहे काय, हे अजमावता येत असे. आता ही चाचणी थेट पीएच.डी.च्या नोंदणीनंतरच होते. परिणामी निर्णय चुकल्यास जाणारी वर्षे वाढली आहेत.

८. मीरा-भाईंदरच्या संदर्भात

१९८५ मध्ये नगरपरिषद व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८,०९,३७८ होती. मिठागरे, मासेमारी आणि शेतीची गावे असलेला हा प्रदेश दोन पिढ्यांत नोकरदारांचे शहर बनला. महाविद्यालये आली, ती प्रामुख्याने पदवी शिक्षणाची गरज भागविण्यासाठी. विज्ञानाच्या संशोधन प्रयोगशाळा मात्र चर्चगेटजवळ, माटुंग्यास, कलिन्यास, पवईस आणि तुर्भ्यास राहिल्या. भाईंदर ते चर्चगेट हे रेल्वेचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे.

इतिहास किंवा भाषेच्या संशोधकाला ग्रंथ घरी आणता येतात. रात्री टिपणे काढता येतात. रसायनशास्त्र वा जीवरसायनशास्त्राच्या संशोधकाला अभिक्रिया घरी नेता येत नाही. विकराच्या प्रयोगासाठी सलग दहा-बारा तास उपस्थित राहावे लागते. वर्णपटाच्या विश्लेषणासाठी नमुना पवईच्या केंद्रात पाठवून निकालाची वाट पाहावी लागते. सकाळची तासिका, दुपारची प्रात्यक्षिके, परीक्षेची कामे आणि मूल्यांकन समितीची कागदपत्रे सांभाळून हे करणारा अध्यापक शेवटच्या लोकलचे वेळापत्रक पाहूनच प्रयोगाची आखणी करतो. कमलाबाईंना रात्री काम करण्याची अट घातली गेली होती. आजच्या अध्यापिकेला अशी अट कोणी घालत नाही, परंतु दिवसाचा वेळ नसल्याने तीच अट परिस्थिती घालते. आयोगाच्या २०२२ च्या विनियमनात अंशकालीन पीएच.डी.ची तरतूद आहे, स्त्रियांना दोन वर्षे अधिक मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आहे. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. तथापि मुदतवाढीने प्रयोगशाळा जवळ येत नाही.

आर्थिक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली. परंतु ती नेट परीक्षेत वरच्या गुणवत्तेने उत्तीर्ण होणाऱ्यांनाच मिळते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एम.एस्सी. पदवीधरापुढे अधिछात्रवृत्ती नसताना पीएच.डी. करणे म्हणजे घरभाडे, प्रवास आणि संशोधनखर्च यांची तोंडमिळवणी करणे होय. त्याने पदवी न करण्याचा निर्णय घेतला, तर त्याला जिज्ञासेचा अभाव म्हणणे अन्यायाचे ठरेल.

९. निष्कर्ष

१. विज्ञानातील पीएच.डी.चा निर्णय चार घटकांवर अवलंबून राहिला आहे : मनात असलेला प्रश्न, योग्य मार्गदर्शक, प्रयोगशाळेचे खुले दार आणि निर्वाहाचे साधन. आधीच्या काळात पदवीवाचून मोठे कार्य करणाऱ्या व्यक्तींना हे घटक अन्य मार्गाने मिळाले होते.

२. १९९१ नंतर या घटकांत सेवाशर्तींची भर पडली. नियम वारंवार बदलले असल्याने केवळ नियमावर विसंबून घेतलेला निर्णय पदवी हाती येईपर्यंत निरर्थक ठरू शकतो. प्रश्नावर आधारलेल्या निर्णयाला हा धोका तुलनेने कमी आहे.

३. अधिछात्रवृत्ती किंवा अध्ययनरजा, नियमित भेटणारा मार्गदर्शक आणि प्रयोगशाळेची निश्चित उपलब्धता या तीन गोष्टींपैकी किमान दोन हाती असल्याशिवाय नोंदणी करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. केवळ पदोन्नतीसाठी घेतलेली पदवी निषिद्ध नाही. मात्र त्या हेतूविषयी स्वतःशी प्रामाणिक राहून विषयाची व्याप्ती मर्यादित ठेवणे हिताचे ठरते.

४. उपनगरी महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक सामाईक उपकरण केंद्र उभारावे, आठवड्यातील एक पूर्ण दिवस नोंदणीकृत अध्यापकास संशोधनासाठी मोकळा द्यावा आणि खाडी, मिठागरे, मासळी व स्थानिक आहार यांसारखे जवळचे विषय निवडण्यास प्रोत्साहन द्यावे. असे विषय प्रवासाचा भार कमी करतात आणि त्यांतून मिळणारे ज्ञान याच भागातील लोकांच्या उपयोगी पडू शकते.

कमला भागवत यांच्यापुढे १९३३ मध्ये असलेला अडथळा एका व्यक्तीच्या निर्णयाचा होता, म्हणून त्या व्यक्तीच्या दारात बसून तो दूर करता आला. आजचा अडथळा अंतर, वेळ आणि वेतन यांच्या रूपाने विखुरलेला आहे. तो दूर करण्याची जबाबदारी एकट्या अध्यापकावर न टाकता महाविद्यालये, विद्यापीठ व शासन यांनी ती वाटून घेणे आवश्यक आहे.